दुसऱ्याच्या आईची खोळ

आमच्या घरात छत्री एकच होती आणि ती माझी होती. शाळेत जाणारी मी एकटीच, म्हणून. वडील पावसात डोक्यावर टॉवेल टाकायचे. आई खोळ घ्यायची. खताचं रिकामं पोतं घ्यायचं, त्याचा खालचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसायचा, की टोपडं तयार होतं. ते डोक्यावर घेतलं की पाठ गुडघ्यापर्यंत झाकते आणि पुढचं सगळं अंग भिजतं. जूनपासून दसऱ्यापर्यंत आई मला आठवते ती त्या खोळीतच.

शिवाजी पेठेत एका बोळाच्या टोकाला आमची दीड खोली होती आणि तिला लागून गोठा. गोठा खोलीपेक्षा मोठा. दोन म्हशी होत्या. संध्याकाळी वडील त्या दूधकट्ट्यावर न्यायचे. गिऱ्हाईक समोर उभं राहायचं, त्याच्यादेखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा. आई पंचगंगेच्या काठच्या मळ्यांतनं, लोकांच्या बांधावरचं गवत कापून भारा आणायची. मी नववीत असताना एक म्हैस आटली आणि दुसरी कासेच्या दुखण्यानं गेली. त्या पावसाळ्यात वडील बाजारात पोती उचलायला जायला लागले आणि आई दुसऱ्यांच्या म्हशींसाठी वैरण कापायला. घरात दूध नाही म्हणून चहा कोरा, आणि तोही एकदाच. माझी शाळा सोडवायची गोष्ट मात्र कुणी काढली नाही. "ही शिकणार," एवढंच वडील बोलायचे, आणि तेही म्हशीच्या पाठीवर हात फिरवत, माझ्याकडं न बघता.

मी शिकले. आमच्या घराण्यात, आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. याचा मला गर्व होता, अजून आहे. तो मी लपवत नाही. लपवायचं दुसरं आहे, ते आता लिहिते.

अकरावीत होते. पाऊस नुकताच उघडला होता. कॉलेजच्या फाटकाबाहेर आम्ही चौघी मैत्रिणी उभ्या होतो. समोरून आई आली. डोक्यावर गवताचा भारा, भाऱ्याखाली खोळ, खोळीतून पाणी गळतंय. तिनं मला बघितलं आणि रस्त्याच्या पलीकडूनच हाक दिली, "किल्ली दे गं, मी पुढं जातो!"

एक मैत्रीण फिस्सकन हसली. "जातो म्हणाली बघ. बाई आहे का बुवा?"

आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात. मी जातो, मी येतो, मी जेवलो. पोरीसुद्धा. बाहेरगावच्या माणसाला ऐकून गंमत वाटते. मैत्रीण बाहेरगावची होती. मी काय केलं? पाऊस नव्हता, तरी छत्री उघडली आणि तोंडापुढं धरली. आई थोडा वेळ उभी राहिली, मग गेली.

संध्याकाळी घरी गेले तर दाराला कुलूप आणि आई गोठ्याच्या उंबऱ्यावर ओल्या लुगड्यात बसलेली. तीन तास. मला बघून म्हणाली, "वळखलं न्हाईस व्हय गं मला खोळीत?"

"नाही," मी म्हटलं.

ती सबब माझ्या हातात तिनंच दिली होती. मी घेतली.

त्यानंतर मी माझी भाषा धुवायला काढली. 'न्हाय'चं 'नाही' केलं. 'हाय'चं 'आहे'. 'गेलतो'चं 'गेले होते'. म्हशीला पाणी दाखवतानासुद्धा पुस्तकी बोलायची. आई म्हणायची, "म्हशीला कळंना झालंय बघ तुझं. आता आमच्यासंगं पण पेपरातलं बोलतीस व्हय?" बी. ए. झाले, एम. ए. झाले. नव्वदीच्या सुरुवातीला कोल्हापुरातच एका ज्युनिअर कॉलेजात मराठीची शिक्षिका म्हणून लागले. पहिल्या दिवशी वडील नवं धोतर नेसून फाटकापर्यंत आले आणि तिथनंच परत गेले.

कॉलेजात मी शनिवारी दुपारी लेखनाचा वर्ग सुरू केला. ज्यांना गोष्ट, कविता, ललित काही लिहायचंय त्यांनी यावं. पंधरा-वीस मुलंमुली यायची. खेड्यापाड्यांतून आलेली, वसतिगृहावर राहणारी जास्त. त्यांना मी दर शनिवारी एकच गोष्ट ठणकावून सांगायची, "स्वतःचं लिहा. बघितलेलं लिहा. पुस्तकातलं मला नको."

आणि स्वतः मी काय लिहीत होते? प्राजक्त. चांदणं. दूर कुठेतरी वाजणारी बासरी. आमच्या बोळात प्राजक्त नव्हता. बासरीही नव्हती. शेजारच्या तालमीत शड्डू वाजायचे. पण शड्डू कवितेत कसे घ्यायचे हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कविता मी वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीला पाठवायची आणि त्या साभार परत यायच्या. एकदा पुरवणी बघणाऱ्या गृहस्थांनी परत पाठवलेल्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "शब्द चांगले आहेत. बाईंचं घर कुठं आहे ते कळत नाही."

मला राग आला. माझं घर कुठं आहे हे मलाच सांगायचं नव्हतं.

त्या काळात अकरावीच्या वर्गात चंदगडची एक मुलगी आली. बारीक, सावळी, दोन वेण्या, आवाज मात्र खणखणीत. कर्नाटकाच्या हद्दीजवळचं गाव, घरात आईला अव्वा म्हणायचे. सहामाहीच्या आधी मी वर्गाला निबंध घातला, 'माझी आई'. साठ वह्या. एकसष्टावी आई वाचायची पाळी आली असती तर मी नोकरी सोडली असती. सगळ्या आया वात्सल्याच्या मूर्ती, सगळ्या चंदनासारख्या झिजणाऱ्या. आणि त्यांत ही वही. तिचा निबंध अर्ध्या पानाचा होता. शेवट असा होता:

"आमच्याकडं पाऊस लय. अव्वाची खोळ दाराच्या खुंटीला असली म्हंजे अव्वा घरात हाय. खोळ न्हाय म्हंजे अव्वा न्हाय. शाळेतनं आल्यावर दार उघडायच्या आधी मी खुंटी बघतो."

मी लाल पेन उचललं. 'अव्वा'वर काट मारून 'आई' केलं, सगळ्या ठिकाणी. 'लय'चं 'खूप'. 'हाय'चं 'आहे'. 'न्हाय'चं 'नाही'. 'बघतो'चं 'बघते', आणि त्याखाली दोन रेघा. 'खोळ' शब्दाला गोल करून समासात लिहिलं, 'म्हणजे काय?' दहापैकी चार गुण. खाली शेरा, 'भाषा सुधारा.'

म्हणजे काय. हे मी विचारलं. मी.

वही मिटली, दुसरी उघडली, पण वाचता येईना. खुंटी दिसायला लागली. ओल्या पोत्याचा वास यायला लागला. तो वास वहीतून येत नव्हता हे मला कळत होतं. पुढचा तास मोकळा होता. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसून मी एका कागदावर लिहायला घेतलं आणि घंटा व्हायच्या आत कविता पुरी झाली. नाव दिलं 'खुंटी'. शेवटची ओळ होती, 'दार उघडायच्या आधी मी खुंटी बघतो.' आधी मी 'बघते' लिहिलं होतं. मोठ्यानं म्हणून बघितलं, ओळ पडली. 'बघतो' केलं, उभी राहिली. तेवढी जाण मला होती, आणि तीच वही अजून टेबलावर होती.

मनाची समजूत घालायला मला वेळ लागला नाही. सुचतं ते कुठून तरी सुचतंच. खोळ तर माझ्याही आईची होती. मुलीनं निबंध लिहिला, मी कविता केली. पीठ दळणारी वेगळी, त्याची भाकरी करणारी वेगळी असते. असलं बरंच काही.

कविता रविवारी छापून आली. पहिल्याच फटक्यात. मी अंक घेऊन घरी गेले. आई अंगणात शेणी थापत होती. मी म्हटलं, "तुझ्यावर लिहिलंय, ऐक." आणि वाचून दाखवली. आई हात न थांबवता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चांगलं हाय. पण ही कुणाची आई म्हणायची?"

"तूच की."

"मी न्हवं. आपल्या दाराला खुंटी कुठाय? मी खोळ गोठ्यात म्हशीच्या दाव्याला अडकवत होतो. घरात आणली की तू नाक मुरडायचीस, वास येतोय म्हणून." शेणी पालथी करत ती पुढं म्हणाली, "दुसऱ्याची आई घरात आणलीस. आण बाई. पण तिच्या पोरीला सांगून आण."

मी अंक घडी करून पिशवीत घातला.

सोमवारी कॉलेजात शिपायानं कविता कापून सूचनाफलकावर लावलेली. प्राचार्यांनी बोलावून पेढा दिला. तिसरा तास माझा अकरावीवर होता. तास संपल्यावर ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. आवाजात तक्रार नव्हती. खरोखर अडलंय म्हणून विचारायला आल्यासारखी ती उभी होती.

"बाई, माझ्या वहीत तुम्ही 'बघते' केलतं की. मग पेपरात 'बघतो' चालतंय व्हय?"

मागं दोघी-तिघी उभ्या होत्या. हजेरीपट बंद करायचं काम मी फार सावकाश केलं.

"कवितेत चालतं," मी म्हटलं. "निबंधात नाही."

"आणि खोळ?"

"तेही. कवितेत."

"बरं," ती म्हणाली. आणि माझ्यासमोरच, उभ्या उभ्या, वहीच्या शेवटच्या पानावर तिनं ते लिहून घेतलं. व्याकरणाचा नियम लिहून घ्यावा तसं.

त्यानंतरही ती शनिवारच्या वर्गाला येत राहिली. कविता तिनं कधी केली नाही. निबंध मात्र लिहायची, शुद्ध. बारावीच्या सराव परीक्षेत पुन्हा आईवरच निबंध आला तेव्हा तिनं 'माझी आई म्हणजे वात्सल्याचा अथांग सागर' असं सुरू केलं आणि सागर दोन पानं नेला. एकही 'हाय' नाही. मी आठ गुण दिले. वर्गात वाचूनसुद्धा दाखवला.

'खुंटी'नं मला माणसांत नेलं. कविसंमेलनांची बोलावणी येऊ लागली. जिथं जाईन तिथं लोक तीच म्हणायला सांगायचे. 'बघतो'वर टाळी पडायची. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "बोलीचं हे धाडस फक्त मातीतला कवीच करू जाणे." मी मान लववली. पुढच्या कवितांसाठी मी काय केलं तेही सांगून टाकते. शनिवारी वर्गात मुलं वाचायची तेव्हा मी पेन हातात धरून ऐकायची. ओळ उचलली नाही पुन्हा. पण कान तसा झाला होता. कुणी आजीबद्दल सांगायला लागलं की आपल्याला उपयोगी काय आहे ते मी आधी बघायची, आणि मग पोराच्या डोळ्यांत पाणी आहे ते.

दहाएक वर्षं गेली. दोन हजारनंतर एका प्रकाशकांनी माझा संग्रह काढायचं ठरवलं. ते म्हणाले, "नाव 'खुंटी'च ठेवू. पहिलं पानही तेच." घरी आईला सांगितलं. तोवर ती थकली होती, म्हशी विकल्या होत्या, वडील गेले होते. तिनं एवढंच विचारलं, "त्या पोरीला सांगितलंस?"

"कुठल्या?"

"जिची आई आणलीस ती."

इतकी वर्षं तिनं ते धरून ठेवलं होतं.

मुलीचा पत्ता काढणं फार अवघड गेलं नाही. डी. एड. करून ती चंदगड तालुक्यातच प्राथमिक शाळेवर शिक्षिका झाली होती. जुलैत एसटीनं गेले. तिकडचा पाऊस म्हणजे समोरचा माणूस दिसत नाही. स्टँडवर एका म्हाताऱ्याला शाळा विचारली तर म्हणाला, "पावणं, ह्या पावसात शाळंला? इन्स्पेक्टर हाय काय तुम्ही?"

शाळेत ती चौथीवर होती. मला बघून धावत आली, पाया पडली. पोरांना म्हणाली, "उठा रे, माझ्या बाई आल्यात, कोल्हापूरच्या!" मधल्या सुट्टीत आम्ही दोघीच वर्गात बसलो. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका, की कबुलीसुद्धा ओरडून द्यावी लागली.

"ती खुंटीची कविता. ती तुझी होती. तुझ्या निबंधातली."

"म्हाईत हाय की बाई."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही बाई." ती हसली. "आणि अव्वाला वाचून दाखवली मी. कोल्हापूरच्या बाईंनी माझ्यावर लिवलं म्हणून सगळ्या गल्लीत सांगत सुटली. लय मिरवली. तिला कशाला सांगू, की तुझ्यावर मी लिवलं तवा चार मार्क पडले?"

मी पदराचं ओलं टोक पिळत राहिले.

"कवितेचं वाईट न्हाय वाटलं बाई. खरं सांगतो. चार मार्कांचं वाटलं."

'सांगतो' म्हणाली ती. तेवढ्यापुरतं माझं मन हलकं झालं, उगाच. मग माझी नजर टेबलावर गेली. पोरांच्या वह्यांचा गठ्ठा होता. वरची वही उघडी. कुणा पोरानं लिहिलं होतं, 'आमच्या घरात एक मांजर हाय.' 'हाय'वर लाल काट आणि वर 'आहे'. काट तिरकी, खालून वर गेलेली. माझी काट तशीच असते.

"तुमच्यासारखंच तपासते बाई," ती म्हणाली. अभिमानानं म्हणाली. आणि आता 'तपासते' म्हणाली, ते माझ्या ध्यानात आलं.

"हे 'हाय' राहू दे गं," मी म्हटलं.

"आणि परीक्षेत पोरांचे मार्क गेल्यावर? तुम्ही येणार व्हय द्यायला?"

  पोरांना 'आहे' शिकवलंच पाहिजे, ते मला मान्य आहे. त्याच्यासाठी 'हाय' मारलंच पाहिजे का, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

तिची जुनी वही मी मागितली. ती म्हणाली, घराच्या गळक्या कौलांखाली ती केव्हाच लगदा झाली. म्हणजे तिच्या त्या ओळी आता कुठं उरल्या असतील तर त्या माझ्या कवितेत. कविता संग्रहातून काढायचं माझ्या मनात होतं, पण ती काढली की त्याही गेल्या. परतीच्या एसटीत मी पाठीमागच्या बाकावर बसून, धक्के खात, तो अर्ध्या पानाचा निबंध आठवेल तसा लिहून काढला. अव्वासकट. हायसकट. तो तिला पोस्टानं पाठवला आणि विचारलं, कॉलेजच्या वार्षिकात माजी विद्यार्थ्यांच्या पानावर तुझ्या नावानं छापू का.

कागद परत आला. छापा, असं लिहिलं होतं. तिनं एकच दुरुस्ती केली होती, लाल पेनानं. मी लिहिलं होतं, 'अव्वाची खोळ दाराच्या खुंटीला टांगलेली असली म्हंजे.' तिनं 'टांगलेली' काटून बाजूला लिहिलं होतं: 'हा शब्द तुमचा. मी नुसतं खुंटीला असली म्हंजे असं लिवलतं.'

बरोबर होतं तिचं. कवितेत 'टांगलेली' मीच घातलं होतं.

प्रकाशकांना कविता काढते म्हणून सांगितलं तेव्हा ते चिडले. "मग पुस्तकात राहतं काय?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पुस्तक एक वर्ष थांबलं. त्या वर्षात मी गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. म्हशी नव्हत्या, आम्ही तिथं सायकल आणि जळण ठेवायचो. दावं मात्र भिंतीतल्या कडीला अजून बांधलेलं होतं. आईला मी विचारलं, "त्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी मी तुला ओळखलं होतं. माहीत होतं तुला?"

आई लसूण सोलत होती. म्हणाली, "छत्री कोरडी होती की तुझी, घरी आलीस तवा. पावसासाठी उघडली न्हवतीस."

ते मी लिहिलं. पहिल्यांदाच कुणाकडून काही न घेता लिहिलं, आणि जे लिहिलं त्यात मी चांगली दिसत नाही.

संग्रह पुढच्या वर्षी निघाला. त्यात छत्तीस कविता आहेत. 'खुंटी' नाही, आणि ती मी आता कुठल्याही मंचावर म्हणत नाही. पहिली कविता कोरड्या छत्रीवर आहे. कॉलेजच्या त्याच सालच्या वार्षिकात अर्ध्या पानाचा 'माझी आई' हा निबंध, अव्वा, हाय आणि बघतोसकट, चंदगडच्या त्या मुलीच्या नावानं छापलेला आहे. त्याला मी दहापैकी दहा गुण दिले, पत्रातून, लाल पेनानं. आमच्या घराण्यात पुस्तक लिहिणारी मी पहिली.